१९५७ : पगारी माणसं मालक झाली ते वर्ष

टूरिंगटॉकीज

गेले दोन महिने रात्रीची जेवणं उरकली की माझा एकच उद्योग चालला आहे. १९५७ साली लागलेले हिंदी सिनेमे हाती येतील तसे बघायचे. चांगले, टुकार, निम्म्यात झोप लागली ते, सगळे. सत्तावीस झाले. घरचे वैतागलेत, म्हणून आता तुमच्याकडे वळलो.

या वर्षाचं कौतुक नवं नाही. 'प्यासा', 'नया दौर', 'दो आँखें बारह हाथ' आणि 'मदर इंडिया' एकाच सालातले, हे चहाच्या टपरीवरही कुणी सांगेल. त्यामागचं कारणही ठरलेलं असतं: स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती, स्वप्नं, स्वप्नभंग, नेहरू, पंचवार्षिक योजना. त्यात खोटं काही नाही. पण ओळीने बघताना मला निराळंच काही खुपायला लागलं, आणि तेही श्रेयनामावलीत. चारही सिनेमांत, प्रत्येकाचा निर्माता आणि दिग्दर्शक एकच माणूस आहे: अनुक्रमे गुरुदत्त, बी. आर. चोप्रा, व्ही. शांताराम आणि मेहबूब खान.

आता जरा मागे जाऊ. मेहबूब खान १९४० साली नॅशनल स्टुडिओत नोकरीला होते. तिथे त्यांनी 'औरत' काढला. शेतकरीण, कर्ज, सावकार, वाया गेलेला मुलगा. सतरा वर्षांनी तीच गोष्ट त्यांनी 'मदर इंडिया'त पुन्हा सांगितली. कॅमेऱ्यामागे तेच फरेदून इराणी, सावकार सुखीलालाच्या भूमिकेत तेच कन्हैयालाल (हा योग जगात किती नटांच्या वाट्याला आला असेल?). बदललं ते एवढंच की १९५४ पासून वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ उभा होता आणि आता विचारायला वर कुणी नव्हतं. 'औरत' बघा आणि लगेच 'मदर इंडिया' बघा. पहिला रोडका, कडू. दुसऱ्यात रंग आहेत, कालवा आहे, गर्दी आहे, अख्खा देश कोंबलाय. कधी कधी मला पहिलाच जास्त आवडतो, पण ते असो.

गुरुदत्त १९४४ ला पुण्यात 'प्रभात'मध्ये तीन वर्षांच्या करारावर आले होते. नाच बसवायचे, साहाय्यक म्हणून पडेल ते करायचं. बी. आर. चोप्रा लाहोरला सिनेमावर लिहिणारे पत्रकार, फाळणीत सगळं सोडून मुंबईला आले. शांतारामबापू त्यातले जुने मालक. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली उमेदवारी, मग 'प्रभात'मध्ये भागीदारी, आणि १९४२ ला परळला स्वतःचं राजकमल. ज्या 'प्रभात'मधून बापू बाहेर पडले आणि गुरुदत्त शिकले, ती १९५३ ला बंदही पडली होती.

मालक झाले म्हणजे काय झाले? बँक सिनेमाला दारात उभं करत नव्हती. स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात सरकारी अर्थसाहाय्याची गरज सांगितली, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं १९६० ला. मधली नऊ वर्षं पैसा वितरकाच्या आगाऊ रकमेतून किंवा सावकाराकडून. कच्ची फिल्म सगळी परदेशी, आणि १९५७ म्हणजे परकीय चलनाचा खडखडाट. सुखीलालाच्या वहीवर अंगठे उठवणाऱ्या कुळाची गोष्ट सांगणारा धंदा स्वतः सुखीलालांच्याच वहीवर चालला होता. हे लक्षात आल्यावर मला 'मदर इंडिया'तले व्याजाचे प्रसंग वेगळेच दिसायला लागले.

आणि या परिस्थितीत या चौघांनी काय करावं? 'झनक झनक पायल बाजे' रंगीत, तुफान चाललेला. त्यावर बापूंनी काढला कृष्णधवल सिनेमा: सहा खुनी, एक जेलर, माळरान. नायक म्हणून तारा नाही, स्वतःच उभे राहिले, पंचावन्नच्या पुढे. बैलाशी झुंजताना डोळ्याला इजा करून घेतली. गुरुदत्तना 'प्यासा'साठी दिलीपकुमार हवे होते. ते आले नाहीत, तर हे स्वतः कॅमेऱ्यापुढे गेले. चोप्रांनी नायिका बदलली आणि वर कोर्टात गेले. मेहबूबनी गेवाकलर फिल्मवर चित्रण करून टेक्निकलरच्या प्रतींसाठी लंडन गाठलं.

नोकरदार माणसाला असला हट्ट परवडत नाही. स्टुडिओचा मॅनेजर म्हणाला असता, "खान साहेब, हे एकदा झालंय ना?"

पण हट्टाचं बिलही मालकालाच येतं. १९५९ ला 'कागज़ के फूल' पडला आणि गुरुदत्तनी पुन्हा दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. मेहबूबचा पुढचा सिनेमा यायला १९६२ उजाडलं, तोही चालला नाही, आणि तो शेवटचाच. बापू 'नवरंग'वर तरले. चोप्रा तर टीव्हीवरच्या महाभारतापर्यंत पोचले.

तर माझं म्हणणं असं की १९५७ हे नेहरूंपेक्षा जास्त या मालकांचं वर्ष आहे. हाणा आता.

---

रिकामटेकडा

जागा धरून ठेवतो. ऑफिसातून निवांत वाचेन.

---

माणदेशी

टूरिंगराव, 'दो आँखें'वर एवढं लिहिलंत आणि आमच्या गावाचं नाव नाही? निषेध!

ती गोष्ट हवेतून आलेली नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत आहे. औंध संस्थानातली. भवानराव पंतप्रतिनिधींनी जन्मठेपेचे कैदी बिनभिंतीच्या तुरुंगात ठेवून शेती करायला लावले. त्यामागे मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर होता, गांधीजींच्या नादाने भारतानंद झालेला. राजा, पोलिश माणूस आणि खुनी, हे त्रिकूट माणदेशातल्या कुसळी माळावर. सिनेमावाल्याला याहून जास्त काय पाहिजे?

आणि लिहिलं कुणी, तर गदिमांनी. माडगूळचा माणूस, म्हणजे हाकेच्या अंतरावरचा. त्या जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने कैदी पळत नाहीत ही कल्पना शहरात बसून सुचणारी नाही. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं म्हणतात, "त्याचा डोळा पाठीवर जाणवतो".

लहानपणी सहल जायची तिकडे. आम्हाला वाटायचं बेड्या घातलेले लोक दिसतील. तर एक आजोबा भाजीला पाणी पाजत होते. बाईंनी हळूच सांगितलं, हे कैदी. आम्ही निम्मे निराश, निम्मे घाबरलेले.

---

सुरावट

सुरेख धागा. पण मालकांच्या नादात तुम्ही एक धागा सोडलात, तो मी ओढते.

'प्यासा' आणि 'नया दौर' दोन्हीची गाणी साहिरची. एकात सचिनदेव बर्मन, दुसऱ्यात ओ. पी. नय्यर. एकाच वर्षी, एकाच कवीने, एकीकडे या देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना जाब विचारला आणि दुसरीकडे हात जोडून काम करणाऱ्या लोकांचं गाणं लिहिलं. मला यात विसंगती अजिबात दिसत नाही. वेश्यावस्तीवरची ती कविता त्यांची जुनीच, जड फार्सी वळणाची. सिनेमासाठी धृपदाची ओळ सोपी केली, आणि ती रस्त्यावरच्या माणसाची झाली. त्यासाठी कुणी मालक असावं लागत नाही.

आणि 'प्यासा' ही बर्मनदा-साहिर जोडीची अखेर. एवढं उत्तम काम करून दोघं कायमचे दुरावले. गाणं शब्दांमुळे चाललं की चालीमुळे, हा वाद तेव्हाही होता, आजही या संस्थळावर दर सहा महिन्यांनी उगवतो. :)

मंगेशकर घराण्याचा हिशेबही मांडते. 'मदर इंडिया'त एका गाण्यात लता, मीना आणि उषा तिघी आहेत. चौथी बहीण तिकडे 'नया दौर'मध्ये वैजयंतीमालासाठी गात होती. नय्यर लताकडून कधी गाऊन घेत नसत, त्यामुळे नायिकेची गाणी सगळी आशाच्या वाट्याला आली आणि तिचं नशीब फळफळलं.

आता गंमत. त्या वर्षी रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेत वर्षअखेरीला पहिलं आलेलं गाणं यातल्या एकाही सिनेमातलं नाही. ते 'जनम जनम के फेरे'मधलं रफी-लताचं द्वंद्वगीत आहे. संगीत एस. एन. त्रिपाठी, शब्द भरत व्यास. म्हणजे राजकमलसाठी कैद्यांची प्रार्थना लिहिणारेच भरत व्यास! आपण ज्याला १९५७ म्हणतो, ते तेव्हाच्या श्रोत्यांचं १९५७ नव्हतंच बहुधा.

अवांतर: आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार करणारे मंत्री बाळकृष्ण केसकर आपलेच. पाच वर्षं लोकांनी सिलोन लावून काढली, तेव्हा कुठे ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. हाही याच वर्षाचा हिशेब.

---

खवट_म्हातारा

मांडणी देखणी आहे, पण चार दाणे बघून पोत्याचा भाव ठरवलाय.

त्या वर्षी देशात सुमारे तीनशे सिनेमे झाले, त्यात हिंदी शंभरावर. त्यातले चार मालकांचे आणि उत्तम. बाकी मालकांचे आणि भिकार किती, हे सत्तावीस बघितलेल्या माणसाने सांगायला हवं होतं. सांगा की.

दुसरं, स्टुडिओ मेले असं तुम्ही गृहीत धरून चाललात. गोरेगावचं फिल्मिस्तान जिवंत होतं, नुसतं जिवंत नाही तर चांगलं खात-पीत होतं. 'पेइंग गेस्ट' फिल्मिस्तानचा. 'तुमसा नहीं देखा' फिल्मिस्तानचा. या दुसऱ्या सिनेमाने शम्मी कपूरला शम्मी कपूर केलं. त्याआधी त्याचे एकामागून एक पडत होते. आणि पुढच्या दहा वर्षांत हिंदी सिनेमा कुणाच्या वाटेने गेला? 'प्यासा'तल्या विजयच्या की शम्मीच्या? डोंगर, मोटार, गाणं, हरवलेला बाप, मारामारी, लग्न. तो कारखाना १९५७ ला पगारी व्यवस्थेतूनच निघाला.

तिसरं, या वर्षी तीन दिग्दर्शकांनी पहिला सिनेमा केला. नासिर हुसैन ('तुमसा नहीं देखा'), विजय आनंद ('नौ दो ग्यारह') आणि हृषिकेश मुखर्जी ('मुसाफ़िर'). तिघेही पुढे किती वर्षं पुरले बघा. तुमच्या चौघांसाठी १९५७ हे शिखर, यांच्यासाठी पायरी. वर्ष मोजायचं तर मला पायरी महत्त्वाची वाटते.

मी 'तुमसा नहीं देखा' लागला तेव्हा चौथीत होतो. थोरला भाऊ तीनदा बघून आला आणि आरशासमोर मान वाकडी करत बसायचा. वडिलांनी एकदाच सरळ केली.

---

रिकामटेकडा

@खवट काका, शेवटच्या वाक्याला साष्टांग नमस्कार _/\_

---

टूरिंगटॉकीज

काका, फिल्मिस्तानचा मुद्दा मान्य. मी स्टुडिओ मेले असं कुठे म्हटलं नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटेल असं लिहिलंय खरं.

सत्तावीसचा हिशेब: सात उत्तम, नऊ बरे, बाकीचे गाण्यांसाठी सहन केले. मालकांचे भिकार भरपूर आहेत, त्यांची नावं घेऊन कुणाच्या आजोबांना दुखवत नाही.

पण एक फरक करा. 'तुमसा नहीं देखा' पडला असता तर नासिर हुसैनना दुसरा सिनेमा मिळायला कदाचित वर्ष लागलं असतं. 'मदर इंडिया' पडला असता तर स्टुडिओच्या दारावर जप्तीची नोटीस लागली असती. दोन्ही ठिकाणी माणूस चांगलंच काम करतो, पण मानेवर सुरी असताना केलेल्या कामाला एक वेगळा ताण असतो, तो पडद्यावर दिसतो असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

'मुसाफ़िर'बद्दल: लेखनात ऋत्विक घटक, संगीत सलिल चौधरींचं, आणि दिलीपकुमार लतासोबत चक्क गायलेत. एका घरात एकामागून एक राहायला आलेल्या तीन कुटुंबांच्या गोष्टी. चालला नाही. माझ्या सात उत्तमांत आहे.

---

ओवी

चौघे मालक, चौघे पुरुष. कुणी तरी म्हणायला हवं होतं म्हणून म्हणते.

मालकीची गोष्ट चाललीच आहे तर मधुबालाची सांगा. 'नया दौर'साठी तिने आगाऊ पैसे घेतले, काही दिवस चित्रणही झालं. मग युनिट बाहेरगावी, भोपाळच्या बाजूला न्यायचं ठरलं आणि तिच्या वडिलांनी पाठवायला नकार दिला. चोप्रांनी तिच्या नावावर फुली मारलेली जाहिरात छापली, वैजयंतीमालाला घेतलं, प्रकरण कोर्टात. तिथे दिलीपकुमारनी चोप्रांच्या बाजूने साक्ष दिली आणि त्याच साक्षीत तिच्यावरच्या प्रेमाची कबुलीही दिली. लोक हे अजून चवीने सांगतात. मला त्यात फक्त एक चोविशीतली मुलगी दिसते, जिच्या करारावर, प्रवासावर आणि प्रेमावर तीन पुरुष कोर्टात बोलतायत. नर्मदाकाठी बुधनीला बसची आणि टांग्याची शर्यत झाली ती तिच्याशिवाय.

सिनेमा मात्र माझा लाडका आहे. लोक त्याला यंत्रविरोधी म्हणतात ते न बघता म्हणतात. आधी लाकडं कापायचं विजेचं यंत्र येतं, मग बस. तक्रार यंत्राशी नाही, यंत्र आल्यावर ज्यांचं काम गेलं त्यांना कुणी विचारलं नाही, याच्याशी आहे. आज आमच्या कंपनीत रोज हीच बैठक चालते, फक्त टांगे दिसत नाहीत.

आता 'मदर इंडिया'. नर्गिस तेव्हा अठ्ठावीसची. सुनील दत्त तिच्याच वयाचा. आपल्याच वयाच्या मुलाची आई, केस पांढरे, आणि शेवटी त्याला गोळी घालायची. आणि सुरतेकडे उमरा गावात चित्रण चालू असताना ती आगीत सापडली तेव्हा तिला बाहेर काढणारा तोच. मार्च १९५८ मध्ये लग्न. पडद्यावरची आई-मुलगा ही जोडी लोकांच्या डोक्यात एवढी बसली होती की मेहबूबना लग्नाची बातमी नकोशी होती म्हणे. कसलं ओझं असेल ते.

माझ्या आजीने हा सिनेमा तंबूत बघितला, जत्रेत, प्रत तुटून तुटून. ती शेवटाबद्दल कधीच बोलायची नाही. तिला आठवायची ती फक्त सुखीलालाची वही. "लिहिता येत नव्हतं म्हणून गेली बघ जमीन," म्हणायची. आणि आईला दर वर्षी नवी पाटी आणायची.

---

पडद्यामागचा

'मदर इंडिया'चं ऑस्कर फक्त एका मताने हुकलं हे कुणी लिहिलं कसं नाही?! आपलं नशीबच फुटकं.

---

खवट_म्हातारा

कारण ऑस्करवाले मतांचे आकडे जाहीर करत नाहीत. मग ते एक मत मोजलं कुणी?

नामांकन खरं आहे. परभाषिक विभागात भारताने पाठवलेला पहिला सिनेमा आणि पहिल्याच फटक्यात शेवटच्या पाचांत. मार्च १९५८ मध्ये फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला मिळालं. तोही एका खचून न खचणाऱ्या बाईचाच सिनेमा. हरलो ते चांगल्या सिनेमापुढे. त्याला नशीब कशाला?

आणि नर्गिसला कार्लोव्ही व्हेरीला अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, ते कुणाला आठवत नाही. हुकलेलं तेवढं आठवतं.

---

सुरावट

नावावरून एक. कॅथरीन मेयोने १९२७ साली याच नावाचं पुस्तक लिहून भारताची यथेच्छ बदनामी केली होती. गांधीजींनी त्याला गटारतपासनिसाचा अहवाल म्हटलं होतं. त्यामुळे सिनेमाचं नाव ऐकून सरकारी खात्याच्या पोटात गोळा आला आणि संहिता मागवली. मेहबूबना लिहून कळवावं लागलं की बाबांनो, हा त्या पुस्तकाला दिलेला जबाब आहे. आज कुणाला पुस्तक माहीत नाही. शब्द परत मिळवणं म्हणतात ते हेच असावं.

---

भाग्यनगरकर

उशिरा आलो. सगळं वाचलं. आता एक विचारू? धाग्यात 'देश', 'भारत' एवढ्या वेळा आलंय, आणि सिनेमे सगळे हिंदी. आमच्या हैदराबादेत १९५७ म्हटलं की एकच नाव: 'मायाबाजार'.

मार्चअखेर तेलुगू, एप्रिलमध्ये तमिळ. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, मद्रासची विजया प्रॉडक्शन्स. आपल्याकडच्या वत्सलाहरणाचीच गोष्ट. तिकडे वत्सलेला शशिरेखा म्हणतात. अभिमन्यू, बलरामाची मुलगी, आणि लग्नात धुमाकूळ घालणारा घटोत्कच. महाभारतातली माणसं असून पांडव एकदाही पडद्यावर येत नाहीत, आणि अर्ध्या लोकांना हे सांगेपर्यंत कळत नाही. एस. व्ही. रंगाराव घटोत्कच झालेत. पंगतीची ताटं एकटाच फस्त करतो तो प्रसंग माझ्या सासुरवाडीला पाठ आहे. जावई म्हणून पहिल्या दिवाळसणाला गेलो तेव्हा ताट वाढताना मेव्हण्यांनी त्या प्रसंगातलं गाणं म्हटलं होतं. कॅमेरामन मार्कस बार्टलीने उभं केलेलं चांदणं बघा, आणि मग संगणकावरचं आजचं चांदणं बघा.

आणि टूरिंग भाऊ, तुमच्या मालक-सिद्धान्ताचं काय करायचं? हा सिनेमा भक्कम स्टुडिओतून निघाला. नागी रेड्डी-चक्रपाणी निर्माते, दिग्दर्शक वेगळा. तिकडे मद्रासचाच एव्हीएम स्टुडिओ त्याच वर्षी हिंदीत 'भाभी' आणि 'हम पंछी एक डाल के' काढत होता, दुसऱ्याला तर बालचित्रपटाचं सुवर्णपदक. मुंबईत स्टुडिओ दमले म्हणून मालक पुढे आले असतील. मद्रासला कुणी दमलं नव्हतं.

बंगालचं मी काय सांगणार, पण 'अपराजितो'ला व्हेनिसचा सुवर्णसिंह याच वर्षी मिळाला, तपन सिन्हांच्या 'काबुलीवाला'च्या संगीतासाठी रविशंकरांना बर्लिनला पारितोषिक याच वर्षी, आणि राज कपूरच्या 'जागते रहो'ला कार्लोव्ही व्हेरीचं सर्वोच्च पारितोषिकही याच वर्षी.

---

टूरिंगटॉकीज

भाग्यनगरकर, हा फटका बसला. धाग्याचं शीर्षक बदलता येत असतं तर 'मुंबईतल्या चार मालकांचं वर्ष' केलं असतं. 'मायाबाजार' काल रात्री बघितला, उपशीर्षकांशिवाय. रंगारावांना भाषा लागत नाही. शेजारी झोपलेला मुलगा उठून बसला आणि शेवटपर्यंत बघितला. सत्तावीस सिनेमांत हे एकदाही झालं नव्हतं.

मद्रासबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते माझ्या मुद्द्याला छेद देतं. मुंबईचा मालक हा ताकदीतून आला नव्हता, मागची भिंत पडली म्हणून पुढे आला. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

---

रिकामटेकडा

वाचून झालं एकदाचं, तीन लोकल लागल्या. बाळबोध शंका: शांताराम, गदिमा, वसंत देसाई, बाबूराव पेंढारकर, संध्या. अख्खी 'दो आँखें' मराठी माणसांची. मग मराठीत का नाही काढला?

---

माणदेशी

शंका बाळबोध नाही, जखमेवर मीठ आहे.

'प्रभात'च्या काळात निघाला असता. 'कुंकू' - 'दुनिया न माने', 'माणूस' - 'आदमी', 'शेजारी' - 'पड़ोसी'. तेच सेट, तेच कथानक, दोन भाषा. एका खर्चात दोन बाजार. १९५७ ला गणित फिरलं होतं. कच्ची फिल्म रेशनसारखी मिळायची, आणि मराठी सिनेमा चालवणारी थिएटरं हिंदीपुढे किती? त्या काळात आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्र दणाणून सोडला होता, राजकमल ज्या परळमध्ये तिथले गिरणी कामगार रस्त्यावर. भाषेसाठी एवढं रान पेटलेलं, आणि माणदेशातली गोष्ट, माणदेशी माणसाने लिहिलेली, गेली हिंदीत. तिला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, बर्लिनला रौप्य अस्वल. आनंद आहेच. पण त्या कैद्यांनी माझ्या आजोळची बोली बोलायला हवी होती, असं दर वेळी वाटतं.

---

ओवी

माणदेशी, हे वाचून थांबले जरा.

टूरिंग, तुमच्या सत्तावीसमध्ये 'परदेसी' आहे का? ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांचा, भारत-सोव्हिएत भागीदारीचा. तोही १९५७ चाच. रशियन व्यापारी अफनासी निकितिनची गोष्ट, वास्को द गामाच्या कितीतरी आधी आलेला. नर्गिस त्यातही आहे. म्हणजे त्या वर्षी एकीकडे नांगर ओढत होती आणि दुसरीकडे मॉस्कोवाल्यांसोबत काम करत होती.

---

टूरिंगटॉकीज

आहे. रंग उडालेली प्रत मिळाली, अर्धा वेळ नुसता गुलाबी. सोव्हिएत बाजूने पैसा सरकारचा, आपल्या बाजूने अब्बास साहेबांचा. म्हणजे एक मालक आणि एक राज्यसंस्था. माझ्या सिद्धान्तात हा कुठे बसवायचा ते कळेना म्हणून गुपचूप गाळला होता, पकडलंत.

---

खवट_म्हातारा

निकितिन उतरला तो आपल्या चौलला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्तंभ आहे. अलिबागला जाणारे शेकडो लोक तिथून जातात, थांबत कुणी नाही.

---

रिकामटेकडा

काका, रविवारी अलिबागलाच चाललोय. शाळा बंद असेल ना? फाटकावरून दिसतो का तो?

---

खवट_म्हातारा

मी गेलो होतो तेव्हा शिपायाने आत सोडलं होतं. "रशियाचा पाहुणा बघायचाय" म्हणा. आणि फोटो इथे टाका.